जाडीच्या इंजिनाचा नंबर

माझे बाबा ताशी चाळीसच्या वर गाडी चालवत नसत. घोडागाड्या आम्हाला मागे टाकून जायच्या. गाडीवान मुद्दाम वळून विचारायचे, "काय एवेलिओ, दोर देऊ का? घे बांधून मागे!" बाबा हसून एक हात वर करायचे आणि तो हात लगेच स्टिअरिंगवर परत ठेवायचे. आम्ही पोरं मागच्या सीटवर लाजेने खाली सरकायचो.

अख्ख्या काइबारिएन गावात असा सज्जन ड्रायव्हर झाला नाही, असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत. मी त्यांची मुलगी आहे. तो सज्जनपणा नव्हता, ती भीती होती. एकतीस वर्षांची, लोणच्यासारखी मुरलेली. कशाची, ते एक काका सोडला तर आम्हा चौघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं: बाबा, आई सेनाइदा, धाकटा भाऊ लेओनेल आणि मी, इदालमिस. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मला गाडी चालवता येत नाही, पण तोंड चालतं, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गाडी म्हणजे १९५० सालची प्लिमथ. आजोबांनी नवी कोरी घेतलेली. पुढून रुंद, मागून त्याहून रुंद. आजीने पहिल्याच दिवशी तिला नाव ठेवलं 'जाडी', आणि ते कायमचं चिकटलं. वरचा रंग सायीसारखा, खालचा निळा. तो निळा होड्यांना लावतात तो, कारण आमच्या गावात दुसरा मिळतो कुठे? ब्रशनेच मारलेला. जवळून पाहिलं तर त्यात ब्रशचे केस चिकटलेले दिसायचे. तर मग जवळून पाहू नये, एवढं साधं आहे.

काच खाली करायची मूठ चार दारांत मिळून एकच उरली होती. ज्याला उकडेल त्याने "मूठ!" म्हणून ओरडायचं आणि ज्याच्याकडे असेल त्याने ती पुढे द्यायची. लेओनेल ती बुडाखाली दाबून बसायचा आणि शपथेवर सांगायचा की आपल्याकडे नाही. ब्रेकसाठी तेल मिळत नसे, तेव्हा बाबा शांपू घालायचे. त्यावरून आई दर महिन्याला एकदा तरी भांडायची. "माझ्या केसांना थेंब मिळत नाही, आणि हिच्या ब्रेकला बाटली!" बाबा म्हणायचे, "तुझे केस थांबले नाहीत म्हणून कुणी मरत नाही, सेनाइदा." मग दोन दिवस अबोला.

आता भीतीचं मूळ सांगते.

१९७९ साली जाडीच्या इंजिनाने मान टाकली. एकोणतीस वर्षं राबलेलं इंजिन, त्याला बोल कशाला लावायचा? बाबा साखर कारखान्यात लेथवर होते. पार झिजलेला दांडा त्यांच्याकडे आणून द्या, संध्याकाळी नवा घेऊन जा, असा माणूस. पण हे इंजिन त्यांच्या हातालाही दाद देईना. कारखान्याच्या मागे भंगाराच्या ढिगात एक मोडका रशियन ट्रक पडला होता. त्याचं इंजिन सहा सिलिंडरचं, अंगापिंडाने जाडीच्याच मापाचं. बाबांनी महिनाभर त्याला येता-जाता पाहिलं. शेवटी एका रविवारी ते आणि त्यांचा भाऊ रामिरो, आमचा काका, बैलगाडी घेऊन गेले आणि इंजिन उसाखाली झाकून घरी आणलं. आठ दिवसांत बसवलं. जाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गल्ली टाळ्या वाजवायला जमली होती म्हणे.

आणि टाळ्या थांबल्यावर बाबांच्या लक्षात आलं की इंजिनावर नंबर असतो.

नंबर गाडीच्या कार्डावर लिहिलेला असतो. पोलीस बॉनेट उघडून दोन्ही ताडून पाहतो. जुळला नाही तर इंजिन कुठून आलं, त्याचा कागद दाखवा. कागद कुठला? इंजिन सरकारी, म्हणजे चोरी सरकारची. गाडी जप्त आणि माणूस आत. हे सगळं बाबांना इंजिन बसवून, तेल घालून, गल्लीभर मिरवून झाल्यावर सुचलं. हे आमच्याकडेच होऊ शकतं. आधी गाडी चालू करायची, कायदा मागाहून आठवायचा.

त्याआधी बाबा कसे होते, ते मला रामिरो काकाने सांगितलं. आई त्याबद्दल बोलायची नाही. मांड्यांमध्ये रमची बाटली, खिडकीतून अर्धं अंग बाहेर, आणि सगळ्यात मोठा शौक म्हणजे उसाच्या आगगाडीशी शर्यत. कारखान्याकडे जाणारी गाडी शिट्टी द्यायची, आणि बाबा जाडीला पिटाळत फाटकावर तिच्या आधी पोचायचे. प्रत्येक वेळी पोचले. एकदा पुढच्या सीटवर आई होती आणि आईच्या पोटात मी. काका हे हसत हसत सांगायचा. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

इंजिन बदललं आणि हा माणूस एका आठवड्यात दुसराच झाला. पोलिसाने अडवायला कारणच मिळू नये म्हणून वेग चाळीस. दिवे, भोंगा, आरसा रोज पुसून तपासायचे. गाडी काढायच्या दिवशी रमला हात नाही. आणि गाडी रोजच निघायची, त्यामुळे रम सुटल्यातच जमा. फाटकावर तर आगगाडी क्षितिजावर दिसली तरी थांबायचे. आम्ही मागून ओरडायचो, "बाबा, ती अजून पुढच्या गावात आहे!" बाबा म्हणायचे, "येऊ दे. आपल्याला कुठे घाई आहे?"

आजी सांता क्लाराला राहायला गेली होती. मोठ्या रस्त्याने तासाचं अंतर. पण कामाहुआनीच्या वळणावर पोलिसांची चौकी. त्यामुळे आम्ही दर महिन्याला आजीकडे जायचो ते उसाच्या मळ्यांतल्या कच्च्या रस्त्याने, झुलुएतावरून वळसा घालून. चार तास. हे चार तास म्हणजे माझं सगळं बालपण आहे, उगाच खोटं कशाला बोलू? आई काळ्या घेवड्याच्या भाताचा डबा फडक्यात बांधून इंजिनाच्या कडेला ठेवायची. नदीपर्यंत पोचेतो भात गरम. नदीत डुंबायचं, पेरू पाडायचे, ओल्या कपड्यांनी परत गाडीत बसायचं आणि आईकडून त्याबद्दल धपाटा खायचा. बाबांनी मला पाढे शिकवले ते रस्त्याकडेचे खांब मोजून. तेराचा पाढा म्हटला की अजून मला झुलुएताच्या अलीकडचा उतार दिसतो. आई गाऊ लागली की बाबा आणखी हळू चालवायचे. चाळीसचे तीस. शेजारची पोरं समुद्रावर एका तासात जाऊन यायची आणि कंटाळून यायची. आम्ही आजीकडे पोचायचो ते धुळीने माखून, पोटभर भांडून आणि पोटभर हसून.

पण सीटवर कितीही मजा चालली असली, तरी दूर कुठे पोलिसाची टोपी दिसली की बाबांचा आवाज बदलायचा. "गप्प बसा." एवढंच. आम्ही चिडीचूप. माझे हात घामाने ओले व्हायचे. आई तेवढी खिडकीबाहेर बघत बसायची. मला वाटायचं, केवढी ही धीराची!

१९८८ मध्ये एकदा ते घडलंच. कच्च्या रस्त्यावर, जिथे कधी कुत्रं नसायचं तिथे, आंब्याखाली एक पोलीस उभा. शिट्टी वाजवली. जवळ आला, कार्ड मागितलं, बॉनेट उघडायला लावलं. पोलिसाने अंगठ्याने इंजिनावरचं तेल पुसलं आणि नंबर वाचला. कार्ड पाहिलं. पुन्हा नंबर पाहिला. लेओनेल माझ्या दंडात नखं रुतवून बसला होता, त्याचे वण चार दिवस राहिले. मग पोलिसाने कार्ड परत केलं. "ठीक आहे, कॉम्रेड. छान ठेवली आहे गाडी. जा."

बाबांनी निघताना तीनदा गाडी बंद पाडली. त्यांनी तिथेच ठरवलं की एल कोब्रेच्या मातेने त्या पोलिसाची दृष्टी बांधली. आणि नवस बोलले. नवस म्हणजे गंमत नाही. एल कोब्रे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, सहाशे किलोमीटर. आठ महिने पेट्रोल साठवलं आणि आम्ही निघालो. तीन दिवस, आडवाटेने, चाळीसच्या वेगाने. वाटेत गाईंचे कळप आम्हाला ओलांडून गेले. लेओनेलला एका गावात मांजर मिळालं, दुसऱ्या गावात ते पळालं, तिसऱ्या गावापर्यंत तो रडला. बाबांनी लेथवर पितळेचा करंगळीएवढा पिस्टन केला होता, तो देवीपुढे ठेवला. आई देवीपुढे गुडघ्यांवर बसली ती उठेचना. मला वाटलं, आभार मानते आहे.

ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. लग्नाचे धरूनसुद्धा. नवऱ्याला हे माहीत आहे.

२०१० साली रामिरो काका गेला. त्याच्या मोटरसायकलचे कागद तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघाले आणि त्याच्या मुलांची डोकी फुटायची वेळ आली. ते पाहून बाबा हादरले. ते तेव्हा सत्त्याहत्तरचे होते. एक दिवस जेवताना म्हणाले, "जाडी लेओनेलच्या नावावर करायची. मी आहे तोवर."

आमचे घास थांबले. नाव बदलायचं तर सांता क्लाराच्या कचेरीत गाडी न्यायची. तिथे इंजिनाचा नंबर घासून, दिव्याखाली धरून वाचतात. तिथे कुणाची दृष्टी बांधली जात नाही.

"बाबा, मी नंबर घासून सपाट करतो," लेओनेल म्हणाला. "वर दुसरा ठोकू. तुमच्याच लेथवर."

"एक चोरी केली ती पुरे झाली," बाबा म्हणाले. "मी जाऊन सांगून टाकतो. माणूस मेल्यावर पोराला पकडण्यापेक्षा म्हाताऱ्याला पकडलेलं बरं."

"अहो, पण जप्त करतील ना!" मी ओरडले. "आणि तुम्हाला आत टाकतील! या वयात! एका भंगारातल्या इंजिनासाठी!"

"मग टाकू देत. एकदा झोप तरी लागेल नीट."

हे ऐकून मला रडू आलं. एकतीस वर्षं हा माणूस नीट झोपलेला नाही, हे त्यांनी पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. आई ताटात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंगळवारी जाऊ. सोमवारी गर्दी असते."

मला तिचा असा राग आला! दगड आहे की बाई?

मंगळवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हातात कापडी पिशवी. आत दात घासायचा ब्रश, साबण, टॉवेल, पायजमा. आईने पिशवीत डोकावून पायजमा काढून घेतला.

"हा कशाला?"

"मग तुरुंगात काय नागडा झोपू?"

"राहू दे घरी. नंतर धुवायला मलाच."

"आई!" मी म्हटलं. "अगं, काय चाललंय तुझं?"

"कॉफीचा थर्मास घे," ती म्हणाली. "आणि दार नीट ओढ."

जाताना बाबांनी कच्चाच रस्ता धरला. आता लपण्यात काही अर्थ नव्हता, पण म्हणाले, "शेवटचं एकदा." नदीपाशी थांबले, उतरले नाहीत. लेओनेल त्यांच्या शेजारी, मी आणि आई मागे. उकडत होतं. मूठ माझ्याकडे होती आणि कुणी मागत नव्हतं. मी जाडीच्या सीटवर हात फिरवत बसले होते आणि मनात म्हणत होते, संध्याकाळी ही कुठल्या सरकारी आवारात उभी असेल आणि बाबा कुठे असतील!

कचेरीच्या आवारात पोचलो. लेओनेलने ओरडून विचारलं, "शेवटचा कोण?" रांगेतल्या एका टोपीवाल्याने हात वर केला. मग शेवटचे आम्ही. दोन तास उन्हात. बाबांनी पिशवी एकदाही खाली ठेवली नाही.

तपासणीला एक तरुण मुलगी होती. केस वर बांधलेले, कानामागे पेन्सिल. तिने बॉनेट उघडलं, तारेच्या ब्रशने इंजिन घासलं, दिवा धरला, नंबर कागदावर लिहिला आणि आत गेली. बाबा तिच्या मागोमाग खिडकीशी. आम्ही त्यांच्या मागे.

"पोरी," बाबा म्हणाले, "तू शोधायच्या आधी मीच सांगतो. ते इंजिन..."

"थांबा आजोबा, फाइल काढू द्या."

"फाइलमध्ये काही सापडणार नाही. तेच तर सांगतोय."

तिने फाइल काढली, पानं उलटली, पेन्सिल ओठावर आपटली. "सापडलं. इंजिन बदल, १९७९. नंबर जुळतोय. ठीक आहे सगळं."

बाबांना काही कळेना. मला काही कळेना. लेओनेल तोंड उघडं टाकून उभा.

"ठीक नाही," बाबा म्हणाले. "तू नीट बघ. मी ते इंजिन चोरलेलं आहे."

"चोरलेलं?" तिने एक पिवळा पडलेला कागद खिडकीतून पुढे सरकवला. "हे तुमच्या कारखान्याचं पत्र ना? 'भंगारात निघालेले इंजिन उत्कृष्ट कामगार म्हणून यांना देण्यात येत आहे.' शिक्का आहे. हा तपासनिसाचा अहवाल, तोही त्याच महिन्यातला. आणि खाली ही तुमची सही."

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. सही त्यांचीच होती, शेवटी मारलेल्या वेलांटीसकट. "हे चुकीचं आहे," ते म्हणाले. "मी असं काही केलेलं नाही. माझ्याकडे कागद नाहीच. मला विचार ना, मी केलंय ते!"

"आजोबा," ती मुलगी म्हणाली, "तुम्हाला गाडी मुलाच्या नावावर करायची आहे की तुरुंगात जायचं आहे? एक काय ते ठरवा, मागे रांग आहे."

रांगेतला एक जण म्हणाला, "अहो, त्यांना हवंय तर जाऊ द्या की! आमचा नंबर लागेल."

आम्ही तिघं एकदम मागे वळलो. आई भिंतीच्या सावलीत थर्मासचं झाकण उघडत होती.

"कॉफी घेणार का कुणी?" ती म्हणाली.

आमच्या घरात कागदपत्रं आईकडे. बिस्किटांच्या डब्यात सगळं: रेशनचं पुस्तक, दाखले, पावत्या. बाबांना कागदाचा तिटकारा. आई जिथे बोट ठेवेल तिथे ते सही करायचे, न वाचता, अर्धा घास तोंडात असताना. लेओनेल धावत गाडीकडे गेला आणि काचेवरच्या उन्हाच्या झडपेत खोचलेलं कार्ड काढून आणलं. त्यावर इंजिनाचा नंबर होता. नव्या इंजिनाचा. एकतीस वर्षं तो तिथे, बाबांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. बाबांनी भीतीने वाचला नव्हता. लेओनेलने आळसाने. आणि मी? मी गणिताची बाई, पोरांना 'उत्तर एकदा पडताळून पाहा' म्हणून छड्या मारणारी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्या मनात भर दुपारी मिट्ट काळोख होता.

पण त्या क्षणी मला लाज वाटली नाही. जीव असा भांड्यात पडला की मी त्या खिडकीचे गज धरून हसले आणि रडले, दोन्ही. बाबा जेवायला घरी येणार होते. जाडी घरी येणार होती. एवढंच मला कळत होतं. आईशी भांडण काय, ते उद्याही करता आलं असतं. बाबांनी मात्र तिने पुढे केलेली कॉफी घेतली नाही. सह्या केल्या, आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक कागद वाचून, बोट फिरवत. आणि निमूट गाडीत जाऊन बसले.

परतताना त्यांनी मोठा रस्ता धरला. कुणाला विचारलं नाही. कामाहुआनीची चौकी आली, आणि बाबांनी जाडी बरोबर पोलिसासमोर नेऊन उभी केली. पोलीस कागदाच्या पुडीतून शेंगदाणे खात होता.

"काय झालं आजोबा? बंद पडली?"

"नाही. कागद बघ."

"कशाला?"

"बघ ना! कार्ड बघ. इंजिनाचा नंबर बघ. मी बॉनेट उघडतो."

"अहो, ऊन केवढं आहे! जा घरी."

"एकदा बघायला तुझं काय जातं?" बाबांचा आवाज चढला. "मी एकतीस वर्षं या चौकीला वळसा घातला!"

पोलिसाने वाकून लेओनेलकडे पाहिलं. "यांना उन्हात फार वेळ फिरवू नका," तो म्हणाला आणि दोन शेंगदाणे तोंडात टाकले.

लेओनेल हसून हसून सीटवरून घसरला. मीही. आईसुद्धा रुमालात तोंड लपवून हसत होती. बाबांना हसू आलं नाही. अर्धा किलोमीटर पुढे जाऊन त्यांनी गाडी झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. आमचं हसू आपोआप थांबलं.

"सेनाइदा," ते म्हणाले. मागे वळले नाहीत. "का?"

आईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग सांगू लागली, भाजीचा भाव सांगावा तशी. "तू इंजिन आणलंस, त्यानंतर आठवडाभर मलाही झोप नव्हती. मग मी सरळ मॅनेजरकडे गेले. तो हसला. म्हणाला, एवेलिओला मागितलं असतं तर दिलंच असतं, चोरलं कशाला? पत्र दिलं. तपासनीस घरी येऊन नंबर घेऊन गेला, तू पाळीवर होतास. सही तू जेवताना केलीस."

"ते कळलं मला. सांगितलं का नाहीस?"

"त्या संध्याकाळी सांगणारच होते. तुझ्या आवडीचं रांधलं होतं. ही इदालमिस मांडीवर होती. तू बाहेर गेलास की मी त्या आगगाडीच्या शिट्टीकडे कान लावून बसायचे, एवेलिओ. शिट्टी झाली की आकडे मोजायचे. शंभरपर्यंत काही ऐकू आलं नाही, तर समजायचे की आजही वाचलास. लग्न झाल्यापासून रोज. त्या दिवशी शिट्टी झाली आणि मी मोजायला लागले. आणि तू आलास तो इतका हळू, की जाडी दाराशी लागली तरी मला कळलं नाही. तोंडाला वास नव्हता. पोरीला उचलून घेतलंस. म्हटलं, आजचा दिवस राहू दे. उद्या सांगेन."

"आणि उद्या?"

"उद्याही तू हळूच आलास."

एक ट्रक भोंगा वाजवत बाजूने गेला. लेओनेल पायांकडे बघत होता. मी आईचा हात धरला होता, कधी धरला ते मला आठवत नाही. तो ओला होता.

"कोब्रेला मी देवीची माफी मागितली," आई म्हणाली. "तुझी मागायची हिंमत झाली नाही. जितकी वर्षं गेली तितकं अवघड झालं. आता माग म्हणशील तर मागते."

बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं.

"एकतीस वर्षं मी भीत होतो, सेनाइदा."

"हो," आई म्हणाली. "आणि मी नव्हते."

बाबांनी समोर बघतच एक हात मागे केला आणि कॉफी मागितली.